नियम चौदा

११ फेब्रुवारी २०२४
अलीगंज, लखनौ

प्रिय संग्राम,

जयभीम. फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितोय. पत्र कापता येत नाही. फार तर फाडता येतं, आणि फाडणाऱ्यालाही आधी दोन ओळी दिसतातच.

इस्पितळातून तू एकच फोन केलास आणि एकच वाक्य बोललास. "बाबा, वो भागे नहीं." मी "कोण?" म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता. कोण ते मला कळलं होतं. तरीही मी विचारलं.

बाकीचं पेपरात वाचलं. नाल्याजवळ नक्षलवाद्यांचा दबा धरून हल्ला, सहा जवान ठार, तुकडीचा अधिकारी मांडीत गोळी लागून जखमी. तुझं नाव छापलं नव्हतं, पण आईने ओळखलं.

आता माझं ऐक. तो खेळ होता. जेवणाच्या टेबलावर शिशाचे सैनिक मांडून बाप-लेक रविवारी दुपारी खेळायचे. मूळ नियमांची पुस्तिका विलायती, तीही युरोपातल्या मोठ्या लढायांसाठी लिहिलेली. रांगा, चौकोन, घोडदळ, तोफा. सातपुड्यात रांग कुठून आणणार? म्हणून मी रेल्वेत नकाशे काढणारा माणूस, ऑफिसातून येऊन रात्री ती पुस्तिका वाकवत बसायचो. एकोणिसाव्या शतकातली डोंगरातली चकमक टेबलावर आणायची होती, कारण माझे पणजोबा मुंबई फौजेत शिपाई होते आणि १८५८ साली खानदेशात भिल्लांच्या टोळ्यांच्या मागावर फिरले होते. तुझे ते खापरपणजोबा. रांग काढून टाकली, वाट आणि नाले घातले, लपलेल्या माणसांसाठी चिठ्ठ्या केल्या. एकूण बावीस नियम झाले.

तुझ्या डोक्यात नियम चौदा आहे, हे मला ठाऊक आहे. "टोळीने पहिली फैर झाडल्यावर फौजेने न थांबता चाल केली, तर टोळीचा धीर सुटतो. फासा टाकू नये. टोळी टेबलावरून उचलावी." तो नियम मी हवेतून काढलेला नाही. ते पणजोबांच्या तोंडचं वाक्य आहे, आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. पण तुला सरकारने शिकवलं, तीन-तीन कोर्स केलेस, जंगलात पाच वर्षं काढलीस. तिथे कुणी बापाच्या टेबलावरचे नियम घेऊन जात नाही. दोष लावायचाच तर नीट ठिकाणी लाव.

बावीस एप्रिलला चौकशीत तुझा जबाब आहे, असं तुमच्या कॅम्पातल्या क्लार्ककडून कळलं. तिथे खेळाचा शब्दही काढू नकोस. हसतील, आणि हसून झालं की नोकरीवरून काढतील.

आई बरी आहे. जेवते-खाते.

तुझा,
बाबा


३ मार्च २०२४
अलीगंज

प्रिय संग्राम,

स्पीड पोस्ट तुला मिळाल्याची पावती आली. सही तुझीच आहे, 'स'चा झोका मी ओळखतो. म्हणजे वाचलं असशील.

मागच्या रविवारी श्रीरंगकाकांना बोलावलं. बँकेतून रिटायर झाल्यापासून ते सांगलीकर गृहस्थ रोज मला फोन करून विचारतात, आज कोणती लढाई? या वेळी मीच म्हटलं, या, एक चकमक मांडायचीय. कोणती ते सांगितलं नाही. त्यांनी टेबल पाहिलं आणि चप्पल काढता काढता थांबले.

पेपरात आलेल्या नकाशावरून मी तो नाला काढला होता. वाळवलेल्या चहाच्या चोथ्याची जमीन, हिरवा रंग दिलेल्या काथ्याची झुडपं. डाव्या हाताला चढ, उजवीकडे पाणी, वाट मधून. तुझी माणसं म्हणून पलटणीचे लाल डगलेवाले मांडले, दुसरे कुठून आणू? समोर झुडपांत बारा चिठ्ठ्या पालथ्या, त्यातल्या सात कोऱ्या. कोणत्या झुडपात माणूस आहे आणि कोणत्यात नुसता वारा, ते चाल करणाऱ्याला शेवटपर्यंत कळू नये, ही त्या खेळातली माझी सगळ्यात चांगली सोय. तूही लहानपणी चिठ्ठ्यांच्या कडा बघून ओळखायला जायचास आणि मी कडा पुन्हा कापून आणायचो.

आधी नियम चौदा धरून अकरा वेळा खेळलो. त्यातल्या नऊ वेळा तुझी तुकडी पार झाली. मी श्रीरंगना म्हटलं, बघा, पोराचा अंदाज चुकीचा नव्हता.

ते म्हणाले, "माणिकराव, आता चौदावा काढून खेळू या."

चार वेळा तसं खेळलो. एकदा पाच पडले, एकदा सात, दोनदा सहा. श्रीरंगनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "तुमच्या पणजोबांचं काही लिहिलेलं आहे का? एखादं पत्र, अर्ज?"

"त्यांना लिहिता येत नव्हतं."

"मग ते वाक्य ऐकलं कुणी?"

"माझ्या आजोबांनी."

"आणि त्यांनी तुम्हाला सांगितलं."

मी हो म्हटलं. त्यावर ते एवढंच म्हणाले, "भिल्ल पिढ्यान्‌पिढ्या त्याच डोंगरात राहिले. पळून जाणारे लोक राहत नाहीत हो." चहा अर्धा टाकून गेले. तेव्हापासून त्यांचा फोन नाही.

टेबल अजून तसंच मांडलेलं आहे. मी आणि आई स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवतो. म्हणजे मी जेवतो, नीला नंतर बसते. तुझी आई बरी आहे असं मी मागे लिहिलं ते खोटं होतं. तिने माझ्याशी बोलणं टाकलंय, लागेल तेवढंच बोलते.

बाबा


२४ मार्च २०२४
अलीगंज

प्रिय संग्राम,

आज घाईत लिहितोय, अक्षर सांभाळून घे. चांगली बातमी आहे.

तुझ्या तुकडीतला रामलखन काल घरी आला. खांदा अजून पट्टीत आहे. होळीला गावी सीतापूरकडे चालला होता, मध्ये अलीगंजला उतरून घर शोधत आला. आईने त्याला जेवायला वाढलं. जेवून झाल्यावर तो टेबलापाशी गेला, झुडपं बघितली, आणि मी काही न सांगता बोट ठेवून म्हणाला, "यहाँ मैं था, अंकल जी. साहब यहाँ. शिवबरन उस पत्थर के पीछे."

त्याच्याकडून मला कळलं की कॅम्पात पावसात अडकलात की तू ताडपत्रीखाली पोरांना माझा खेळ शिकवायचास. राजम्याचे दाणे म्हणजे आपण, हरभरे म्हणजे ते. म्हणाला, "हम लोग उसको साहब का खेल बोलते थे. मज़ा आता था." सगळ्यांत चांगला शिवबरन खेळायचा. इथल्याच, लखनौबाहेरच्या चिनहटच्या पुढचा, तुझ्याच वयाचा. तो नियम चौदा लावून दर वेळी जिंकायचा आणि हरभरे उचलून तोंडात टाकायचा. रामलखन हे सांगताना हसला, मग हसू राहिलंच नाही त्याच्या तोंडावर.

त्या दिवशी पहिली फैर झडली. सगळे आडवे झाले. तुला गोळी लागली होती. आणि शिवबरन उठला. "चलो, अब वो भागेंगे," असं ओरडून उठला, त्याच्यामागे पाच जण उठले. रामलखनने शपथ घेऊन सांगितलं की तू हुकूम दिला नव्हतास. तू तर ओरडत होतास, "लेट जाओ, लेट जाओ." त्याने स्वतः ऐकलं. म्हणून तो पडून राहिला आणि म्हणून आज माझ्या घरी जेवला.

संग्राम, तू हुकूम दिला नव्हतास. हे तू आम्हाला का सांगितलं नाहीस? महिनाभर मी इथे टेबलावर माणसं मारतोय आणि तुझी चूक शोधतोय, आणि चूक तुझी नव्हतीच.

रामलखन म्हणतो, तू जबाबात 'हुकूम मी दिला' असं सांगणार आहेस आणि त्यालाही गप्प राहायला सांगितलं आहेस. मी विचारलं, का? तो म्हणाला, "बिना हुकुम उठे, ये लिख दिया तो गलती उन्हीं छह की हो गई. गेट पर शहीदों का पत्थर लगेगा, उसमें नाम नहीं आएगा. घरवालों को क्या बोलेंगे? साहब बोले, नाम आएगा."

मी तुझा बाप आहे आणि मी स्पष्ट लिहितो. गेले ते गेले. दगडावर नाव असलं काय नि नसलं काय, त्यांना आता फरक पडत नाही. तुला पडतो. तू बत्तीस वर्षांचा आहेस. सहा माणसांना चुकीच्या हुकमाने मारणारा अधिकारी म्हणून तू घरी येशील, आणि आयुष्यभर कुणी चहा देतानाही आधी तेच आठवेल. खरं आहे तेवढंच सांग. खोटं बोलायला तुला कुणी शिकवलं?

उद्या रंग आहे. आई दार लावून बसणार म्हणते. तू खरं सांगितलंस तर बोलेल माझ्याशी, असं वाटतं.

बाबा


७ एप्रिल २०२४
अलीगंज

प्रिय संग्राम,

तुझं कार्ड मिळालं. आठ आठवड्यांनी बापाला लिहिलंस आणि एकच ओळ लिहिलीस. "नियम चौदह कहाँ से आया, सच लिखिए. बस इतना." आईने कार्ड वाचलं आणि बुद्धाच्या मूर्तीजवळ नव्हे, माझ्या ताटात आणून ठेवलं.

उत्तर देतो. त्यासाठीच कैसरबागेतल्या लायब्ररीत चार दिवस जाऊन बसलो. खानदेशचे जुने वृत्तांत मागवले. तिथली बाई म्हणाली, "अंकल, ये तो बरसों से किसी ने नहीं निकाला," आणि धूळ झटकून दिली. उन्हाळा सुरू झालाय, पंखा होता पण पुस्तकाची पानं उडत होती, एका हाताने दाबून वाचावं लागलं.

काय सापडलं, तर फौज कुठून कुठे गेली, किती जनावरं पकडली, कोणता साहेब आजारी पडला. शिपायांची नावं नाहीत, पणजोबांचं तर नाहीच. टोळ्यांबद्दल दोन-तीन ठिकाणी आहे. फौज अंगावर गेली की त्या वर सरकायच्या आणि फिरून मागच्या बाजूने यायच्या, असं आहे. पळाल्याचंही एका ठिकाणी आहे, पण तिथे लिहिणारा साहेब स्वतःची बढाई मारतोय हे कुणालाही कळेल.

म्हणजे लेखी पुरावा अजून मिळालेला नाही. तोंडी परंपरा वेगळी असते, ती कागदावर नसते. मुंबईला किंवा पुण्याला दप्तरात आणखी असेल. मी धनंजयला, माझ्या भुसावळच्या मावसभावाला, विचारायला सांगितलंय. त्याच्याकडे घरातले जुने कागद आहेत.

बावीसला पंधरा दिवस आहेत. तोवर सापडेल.

बाबा

ता. क. वरचं सगळं आईला वाचून दाखवलं. ती पहिल्यांदाच कामाशिवाय बोलली. म्हणाली, "ओट्यावर लिहिला होता तो नियम. मी पोळ्या लाटत होते. पिठाचा हात लागला होता कागदाला. लिहा की."


१४ एप्रिल २०२४
अलीगंज

प्रिय संग्राम,

आज जयंती. सकाळी बाबासाहेबांना हार घालून आलो, मिरवणुकीत गेलो नाही. पाय निघाला नाही. लिहायचं होतं आणि दुपारपर्यंत तीन कागद टाकले.

नियम चौदा मी बनवला.

तू अकरा वर्षांचा होतास. खेळात तुला कायम पलटण हवी असायची, खापरपणजोबांची म्हणून, आणि मी टोळी घ्यायचो. मी नियम चांगले बसवले होते, इतके चांगले की पलटण कधीच जिंकत नव्हती. डोंगरात अनोळखी माणसाचं जे व्हायचं तेच टेबलावर होत होतं. आठ रविवार तू हरलास. नवव्या रविवारी बॅट घेऊन दारात उभा राहिलास आणि म्हणालास, "मुझे नहीं खेलना. हर बार वही होता है."

तुला आठवत नसेल, तोवर तू घरातही हिंदी बोलायला लागला होतास. शाळेत हिंदी, गल्लीत हिंदी, आई मराठीत विचारायची आणि तू हिंदीत उत्तर द्यायचास. मी ऑफिसात गप्प बसणारा माणूस. मराठी माणूस तिथे मी आणि एक नागपूरचा, तोही बदलून गेला. तू माझ्याशी मराठीत बोलायचास तो फक्त त्या टेबलावर, कारण नियम मराठीत होते. "बाबा, माझी पलटण नाल्यातून पुढे." एवढं वाक्य ऐकायला मी आठवडाभर थांबायचो. आणि तू बॅट घेऊन चालला होतास.

मी म्हटलं, थांब, एक नियम राहिलाय. स्वयंपाकघरात गेलो आणि ओट्यावर कागद ठेवून तो लिहिला. चार मिनिटं लागली असतील. नीलाने विचारलं, "असं खरंच होतं का?" मी म्हटलं, खेळच तर आहे.

त्या दिवशी तू जिंकलास. टोळी तू दोन्ही हातांनी उचललीस. मग तू विचारलंस, हे कुणी सांगितलं? आणि मी म्हणालो, पणजोबांनी. माझ्या तोंडून निघून गेलं. तू जेवताना तीनदा विचारलंस, ते कसे धावले, काय ओरडले, आणि मी तिन्ही वेळा नवीन काहीतरी सांगितलं. पुढे तू शाळेत त्यावर भाषण केलंस. निमलष्करी दलाच्या मुलाखतीत त्यांनी तुला विचारलं, या नोकरीत का यायचंय, तेव्हा तू तेच वाक्य सांगितलंस. निवड झाली, मी सगळ्या सेक्टरमध्ये पेढे वाटले. एकवीस वर्षांत मला शंभरदा सांगता आलं असतं. प्रत्येक वेळी वाटलं, आता काय बिघडतंय.

पणजोबांबद्दल माझ्या आजोबांनी मला एकच गोष्ट सांगितली होती, तीही मी खोदून विचारल्यावर. त्या मोहिमेचं कुणी नाव काढलं की ते भरल्या ताटावरून उठून जायचे. बस, आपल्याकडे तेवढंच आलंय. त्यांनी काय पाहिलं, काय केलं, कुणाच्या झोपड्या पेटवल्या, मला माहीत नाही. आपल्याच सारख्या, आपल्याहूनही खाली ढकललेल्या माणसांवर त्यांना सोडलं होतं, आणि मी त्यावर एक शौर्याचं वाक्य चिकटवलं.

धनंजयला मी काही विचारायला सांगितलेलं नाही. तेही खोटं होतं.

तर शिवबरन माझ्या वाक्यावर उठला. त्याच्यामागे पाच जण माझ्या वाक्यावर उठले. पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं, दोष नीट ठिकाणी लाव. आता लाव.

हे पत्र चौकशीत दे. हसले तर हसू देत. मी येतो, वय चौसष्ट असलं तरी गाडीत बसता येतं. मी सही करतो, लिहून देतो, त्यांच्यासमोर खेळून दाखवतो. फक्त तू न दिलेला हुकूम स्वतःवर घेऊ नकोस. माझी तुझ्याकडे मागायची लायकी नाही, तरी मागतो.

तुझा,
बाबा


२८ एप्रिल २०२४
अलीगंज

प्रिय संग्राम,

तुझा मंगळवारचा फोन आईने घेतला. स्पीकरवर टाकला होता, तुला माहीत नव्हतं. "मम्मी, हो गया. हुक्म मेरा था, लिखवा दिया." आईने विचारलं, बाबांचं पत्र मिळालं? तू म्हणालास, "मिला." मग तू विचारलंस, गॅस सिलिंडर आला का.

मला तुझा राग आला. खरंच आला. बापाने एवढं उघडं होऊन लिहिलं आणि तू ते खिशात घालून स्वतःला बुडवलंस. दोन दिवस मी त्या रागावर जगलो. आईला म्हटलं, त्या सहा घरांना कुठे कळणार आहे याने काय केलं ते? ती म्हणाली, "जाऊन सांगा मग. तुमचं जे आहे ते तरी सांगा."

म्हणून काल शिवबरनच्या गावी गेलो. रामलखनने पत्ता दिला. इथल्या कपूरथळा चौकातून चिनहटच्या तिठ्यापर्यंत ऑटो, तिथून देवा रोडने आत ई-रिक्शा, मग दोन किलोमीटर पायी. गहू निघालेला, शेतं मोकळी. मनात वाक्य पाठ करत गेलो. भाऊसाहेब, तुमचा मुलगा माझ्या खोट्यावर उठला. हिंदीत करून पाहिलं, बरं जुळत नव्हतं.

वडील कडुलिंबाखाली बाजेवर बसले होते. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे असतील. मी कोण ते सांगितल्यावर उठले नाहीत, पण पाणी आणि गूळ मागवला. शिवबरनची आई दाराच्या आत बसली होती, पदर ओढून. सून माहेरी गेलीय म्हणाले.

मी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात तेच म्हणाले, "आप पढ़े-लिखे हैं. हमको समझाइए, हुआ कैसे. जो आता है कहता है बहादुरी से गया, बहादुरी से गया. कैसे गया, कोई नहीं बताता."

मला नकाशा काढता येतो, आयुष्यभर तेच केलं. खाली बसलो, बोटाने मातीत नाला ओढला, वाट ओढली. अंगणातले खडे घेतले. इथे पाणी, इथे चढ, ते लोक वर झुडपांत. इकडे आपले. ते बाजेवरून उतरून माझ्याजवळ उकिडवे बसले. मी एक चपटा खडा ठेवला आणि म्हटलं, हा शिवबरन, दगडामागे.

"लेटा था?"

"जी."

"गोली नहीं लगी थी तब तक?"

"नहीं."

त्यांनी त्या खड्यावर बोट ठेवलं. दाबून ठेवलं, मी हलवू नये म्हणून असेल. मग विचारलं, "तो ये उठा किसके कहने पर?"

संग्राम, मी तेवढंच सांगायला गेलो होतो. मेरे कहने पर. एवढे तीन शब्द, आणि मी हलका होऊन परत आलो असतो. पण ते सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता, की हुकूम नव्हता का? आणि दाराआडची बाई श्वास धरून बसली होती. मला पहिल्यांदा कळलं, तू काय केलंस ते. दगड-बिगड मला नीट समजला नव्हता. मला वाटलं होतं, नाव कोरण्याचीच गोष्ट आहे.

मी म्हणालो, "मेरे बेटे के कहने पर. हुकुम था."

त्यांनी बोट उचललं. दाराकडे वळून मोठ्याने म्हणाले, "सुनती हो? हुकुम था. अपने मन से नहीं उठा." आतून रडणं आलं, आणि ते असं आलं की जणू तीन महिने त्यासाठीच थांबलं होतं. त्यांनी ते वाक्य पुन्हा एकदा म्हटलं, या वेळी स्वतःशी. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं म्हणे, की तुमचा पोरगा आगाऊपणा करून उठला आणि पाच जणांना घेऊन मेला. गावात तशी कुजबुज होती. ते म्हातारे तीन महिने तेवढंच गिळून बसले होते.

मी नियम चौदाबद्दल बोललो नाही. आता कधीच बोलता येणार नाही, तिथे नाही आणि चौकशीतही नाही, कारण मी बोललो की तुझा हुकूम खोटा पडतो आणि त्यांचा पोरगा पुन्हा अपने मन से उठतो. तुझ्या बापाने आयुष्यात पहिल्यांदा तुला परक्यासमोर दोषी म्हटलं. मला तोंडात माती गेल्यासारखं झालं. तुला बावीस तारखेला कसं झालं असेल, ते मला काल समजलं.

पत्र तू का दिलं नाहीस, तेही समजलं. मी उगाच रागावलो.

निघताना ते वेशीपर्यंत सोडायला आले. काठी टेकत. ई-रिक्शा वळून येईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "आप आए, अच्छा किया. आप बाप हैं, आपसे कुछ नहीं. पर बेटे से कह दीजिएगा, इस गाँव में कभी पैर न रखे."

मी "जी, कह दूँगा" म्हणालो. म्हणून हे लिहिलं.

तुझा,
बाबा